चवथीचं विमान

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेडणे आणि डिचोलीकडची आम्ही मंडळी हैदराबादेत किती वर्षं आहोत, हे आता आमच्या नातवंडांना मोजून सांगावं लागतं. पण चवथ जवळ आली की आमच्या घरांत एकच विषय असतो, गावी जायचं कसं? तुमच्यापैकी पुष्कळांकडे घरोघरी गणपती बसतो. आमच्याकडे भावाभावांत मिळून एकच, आणि तो मूळ घरी. तिथे पोचलो तर आपली चवथ झाली, नाहीतर नाही.

पूर्वी वास्कोला जाणारे डबे असत. गुंतकलला ते दुसऱ्या गाडीला जोडेपर्यंत ताटकळायचं, मग हुबळी, लोंढा, दूधसागर. मडगावला उतरलेल्या पेडणेकराला अर्धा गोवा अजून ओलांडायचा असे. डिचोलीवाले जरा शहाणे. ते बेळगावला उतरून चोर्ला घाटाने साखळी गाठत. चार दिवसांची रजा असली तर त्यातले दोन वाटेतच जात. विमानाचा विचार कोणी करत नसे. ते साहेबलोकांचं वाहन, आणि उतरवणार कुठे, तर दाबोळीला. म्हणजे पुन्हा तोच अर्धा गोवा.

म्हणून 5 जानेवारी 2023 ही तारीख आमच्या लक्षात राहिली. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते 11 डिसेंबर 2022 ला झालं होतं, मनोहर पर्रीकरांचं नावही त्याला मिळालं होतं. पण आमच्यात फोनाफोनी झाली ती पाच जानेवारीला. पेडण्याच्या सड्यावर त्या सकाळी उतरलेलं पहिलं प्रवासी विमान इंडिगोचं होतं, आणि ते आलं होतं आपल्या हैदराबादहून.

आता हे विमान आमच्या खिशाला परवडू लागलं, त्यामागे वीसेक वर्षांची हकिकत आहे. कॅप्टन गोपीनाथ यांनी 2003 मध्ये एअर डेक्कन सुरू केली आणि काही तिकिटं चक्क एक रुपयाला विकली. लोक हसले, पण रांगेत उभे राहिले. 2005 मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, ऑगस्ट 2006 मध्ये इंडिगो. युक्ती अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने फार आधी दाखवून दिली होती. शक्यतो एकाच जातीची विमानं घ्यायची, म्हणजे वैमानिकांचं शिक्षण आणि सुटे भाग यांचा खर्च आटोक्यात राहतो. विमान जमिनीवर उभं राहिलं की पैसा बुडतो, म्हणून अर्ध्या तासात प्रवासी उतरवून, झाडलोट करून, नवे भरून पुन्हा उडवायचं. जेवण, जागा निवडणं, जादा सामान, सगळ्याचे पैसे वेगळे. आमच्या एका काकी पहिल्या प्रवासात सँडविचचे पैसे मागितल्यावर इतक्या रागावल्या, की तेव्हापासून त्या पोळी-भाजीचा डबा घेऊनच विमानात चढतात. आमच्या मते बरोबरच करतात.

सामानाचं मात्र जपावं लागतं. पोटात पंधरा किलो, हातात सात. आणि सुका नारळ पोटातल्या सामानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे तो पेट घेऊ शकतो, असा सुरक्षेचा नियम आहे. सड्याखालच्या घरातून निघताना सासूबाईंनी पिशवीत घातलेलं खोबरं काउंटरवर बाहेर काढताना जे वाटतं, ते इथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको.

तिकिटाच्या दराबद्दल थोडं बोलायलाच हवं. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकतात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. त्यामुळे शेजारी बसलेल्या तिघांनी तीन वेगळे आकडे मोजलेले असतात. चवथीच्या आदल्या दोन दिवसांना तर स्वस्त हा शब्दच लागू नाही. आम्ही हल्ली पंचांग आलं की तारीख पाहतो आणि तिकिटं काढून टाकतो.

पण तिकीट हाती असलं म्हणजे पोचलो असं नाही. मागे एकदा एका कंपनीने, नाव घेत नाही, आदल्या रात्री मोबाइलवर उड्डाण रद्द झाल्याचा निरोप धाडला. पैसे परत मिळाले, पण पैसे घेऊन करायचं काय? रात्रभर गाडी हाकून आम्ही डिचोलीला पोचलो तेव्हा आरती आटोपली होती आणि पानं वाढली होती. थोरल्या भावाने काही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

कंपन्याच नाहीशा होतात, हीदेखील या धंद्याची बाजू आहे. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विरली आणि किंगफिशर 2012 मध्ये थांबली. आपल्या नांदेडकर सभासदांना 27 एप्रिल 2017 आठवत असेल. उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं होतं, पण ते चालवणारी ट्रूजेट पुढे बंद पडली. गोएअरचं नाव बदलून गो फर्स्ट झालं. मोपा सुरू होऊन चार महिने होतात न होतात, तोच मे 2023 मध्ये तिची सगळी विमानं जमिनीवर आली आणि देशभर प्रवाशांचे पैसे अडकले. इंधन महाग, विमानं भाड्याची, भाडं डॉलरमध्ये, आणि तिकीट मात्र स्वस्तच हवं. कुठेतरी दोरी तुटणारच.

आणि स्वस्ताईची किंमत गावानेही दिली आहे, हे आम्ही पेडणेकरांनी बोललं पाहिजे. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांची जमीन त्या पठारावर गेली. काजूच्या बागा गेल्या, धनगरांची घरं हलली, झाडं तुटली. पर्यावरणाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रोखली होती, जानेवारी 2020 मध्ये ती स्थगिती उठली. डिचोलीत 2012 पासून खाणी बंद पडल्यावर ट्रकवाल्या घरांतली मुलं विमानतळाकडे आशेने पाहत होती. काहींना काम लागलं. टॅक्सीवाल्यांना तर आपल्याच सड्यावर उभं राहायला आंदोलन करावं लागलं. आम्ही दीड तासात उतरतो आणि ज्यांच्या जमिनीवर उतरतो त्यांच्याच टॅक्सीचं भाडं जास्त म्हणून कुरकुरतो. हे आमच्याकडून होतं, कबूल आहे.

एका नव्या कंपनीवर आमचा डोळा आहे. फ्लाय91, गोव्याचीच. भारताच्या फोनसंकेतावरून नाव घेतलेली. मोपाहून मार्च 2024 मध्ये तिची उड्डाणं सुरू झाली. पंख्यांची, सत्तरेक जागांची एटीआर विमानं लहान धावपट्टीवरही उतरतात. त्यामुळे सिंधुदुर्ग, जळगाव आणि जून 2025 पासून सोलापूर अशी गावं तिने जोडली. मोठ्या कंपन्यांना अशा गावांत फारसा रस नसतो. ही टिकावी असं मनापासून वाटतं.

आता आमच्या गैरहजेरीबद्दल. मंडळाच्या मांडवात स्थापनेच्या दिवशी आम्ही दिसत नाही, यावरून दरवर्षी टोमणे ऐकतो. पूर्वी आम्ही उत्सव संपल्यावरच उगवायचो. आता तसं नाही. आमच्याकडे बहुतेकांचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन करून दुसऱ्या दिवशी मोपाहून निघालो, की संध्याकाळच्या आरतीला इथे. यंदा आमच्यापैकी सहा घरांची तिकिटं झाली आहेत. प्रसादाची आणि झांजांची जबाबदारी तिसऱ्या दिवसापासून आमच्याकडे ठेवा. नेवऱ्यांचा डबा आणतो, तो हातातल्या सात किलोंत बसतो.