भाव नको, कुकरचा नंबर सांगा

'अजाईल' आणि 'लीन' हे दोन शब्द पुण्या-बंगळूरच्या संगणक कंपन्यांतून आता आपल्या हिंगोली-वसमतच्या पोरांच्या तोंडी आले आहेत. अजाईल म्हणजे चपळ. 'लीन' म्हटलं की माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला नम्रपणे वाकलेला माथा आठवतो. पण हा लीन इंग्रजी, अर्थ सडपातळ. मी बी.ए. झालेला माणूस, यंत्राशी माझी सलगी नाही. तरी बोलतो आहे, कारण या शब्दांत आता हळदीचा पैसा अडकू लागला आहे.

लीनचं मूळ जपानात. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाकडे अमेरिकी कारखान्यांसारखा पैसा नव्हता. तिथले तायची ओनो यांचं म्हणणं असं, की मागणी नसताना माल बनवणं ही सगळ्यांत मोठी नासाडी. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथं सतरा जाणकार जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. कागदांच्या चळतीपेक्षा चालणारी प्रणाली महत्त्वाची, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी बोलणं महत्त्वाचं, असा त्याचा रोख. नव्या धंद्यांसाठी हाच विचार एरिक रीस यांनी २०११ च्या पुस्तकात मांडला : कमीत कमी बनवा, लोकांपुढे ठेवा, शिका, मग पुढचं. पुण्यात २००८ साली सुरू झालेली 'द्रुवा' कंपनी आधी वित्तसंस्थांची माहिती संकटातून वाचवणारी प्रणाली घेऊन निघाली होती; नंतर ती नोकरदारांच्या लॅपटॉपमधली माहिती जपण्याकडे वळली आणि मोठी झाली.

आता घरचं उदाहरण. वसमत तालुक्यातल्या माझ्या भाच्याला हळदीचे भाव दाखवणारं ॲप काढायचं होतं. शहरातल्या एका कंपनीनं वर्षभराचं काम आणि काही लाखांचा आकडा सांगितला. दुल्हाभाई त्या साली हळदीचे आलेले सगळे पैसे घालायला तयार होते. पोरानंच त्यांना थांबवलं. त्यानं तीसेक शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डातले कांडीचे, गठ्ठ्याचे भाव रोज हातानं टाकले. खर्च फक्त रिचार्जचा.

आठवड्यानं म्हणाला, "मामू, भावाला कुणी विचारत नाही. तो आडत्याच्या फोनवर आधीच कळतो. लोक विचारतात, कुकर कुणाचा मोकळा आहे?"

हळद काढली की शिजवावी लागते. फेब्रुवारी-मार्चात सगळ्या गावाची एकदमच निघते. भाड्याचे कुकर मोजके. नंबर लागेपर्यंत ढीग शेतात पडून राहतो, मजूर बसून राहतात. ही अडचण वर्षभर खोलीत बसून ॲप बनवणाऱ्याला सापडली नसती. पोरानं भावाचं खातं बंद केलं आणि वहीत कुकरचे नंबर लावायला घेतले. ॲप त्यानंतर आलं, तेही तुकड्यातुकड्यानं. दर पंधरा दिवसांनी एक चालणारा तुकडा शेतकऱ्याच्या हातात द्यायचा आणि तो कुठं अडखळतो ते पाहायचं. आम्हा मुशायऱ्यातल्या लोकांना हे नवं नाही. शेर पडला की पाडला, समोरचे लगेच सांगतात.

मात्र या पद्धतीचंही कर्मकांड झालं आहे. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्यानं बोलायचं, कुणाचं काम कुठं अडलं ते सांगायचं, अशी साधी सोय होती. कित्येक कचेऱ्यांत ती साहेबांची हजेरी होऊन बसली आहे, असं पोरं सांगतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून कुणी चपळ होत नाही.

आणि सगळीच कामं अशी होत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रानं तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपायला तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आधीपासून काटेकोर आखाव्या लागतात. तिथं दर पंधरवड्याला बेत बदलून चालत नाही. पैशाच्या व्यवहाराचंही तसंच. कुणाच्या खात्यातली रक्कम चुकली, तर 'पुढच्या तुकड्यात दुरुस्त करू' हे उत्तर कोण ऐकून घेईल? म्हणून भाच्यानं ॲपमध्ये पैसे घेणं अजून ठेवलेलं नाही. कुकरचं भाडं शेतकरी आणि कुकरवाला आपसांत, रोखीनं मिटवतात.