गूळ पिवळाधमकच का हवा?



पुड्यावरच्या आकड्यांबद्दल एकदा बोला, असे निरोप आपल्या केंद्रावर सारखे येताहेत. बिस्किटाच्या पुड्यावर ‘आयएनएस ५००’, सरबताच्या बाटलीवर ‘आयएनएस २११’, पोरांच्या जेलीवर ‘आयएनएस १०२’. एका मैत्रिणीने तर विचारलं, हे विषाचे नंबर का हो? तिच्यापासूनच सुरुवात करू.

नाही, विषाचे नाहीत. खाण्याच्या पदार्थात मुद्दाम जे जे घातलं जातं, त्याला जगभर एकच क्रमांक असावा म्हणून हे आकडे दिलेत. १०० नंबर म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे लिंबूसत्व, ५०० मध्ये आपला खायचा सोडा येतो. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, टिकवण्यासाठी. १०२ हा टारट्राझिन नावाचा कृत्रिम पिवळा रंग. म्हणजे त्याच रांगेत हळद बसलीय आणि कारखान्यातला रंगही बसलाय. आकडा पाहून घाबरायचं नाही आणि आकडा नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही.

आणि नंबर मिळाला म्हणजे कायमची सनद मिळाली, असंही नाही. पोटॅशियम ब्रोमेटचा नंबर ९२४. पाव चांगला फुगावा म्हणून ते पिठात घालायचे. दिल्लीतल्या एका संस्थेने २०१६ साली पाव-ब्रेडचे नमुने तपासले, त्यात ते सापडलं, ओरड झाली आणि त्याच वर्षी आपल्या देशात त्यावर बंदी आली.

रंगांचं थोडं सांगतो. आपल्याकडे खाण्यात चालतील असे कृत्रिम रंग फक्त आठ आहेत. तेही ठरावीक पदार्थांत आणि बहुतेक ठिकाणी किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंतच. रंग घातला असेल तर पुड्यावर तसं छापावं लागतं. हळदीत नाही, तिखटात नाही, कुठल्याच मसाल्याच्या पुडीत वरून रंग चालत नाही. जत्रेतल्या गुलाबी म्हातारीच्या केसांचं प्रकरण आठवत असेल. २०२४ मध्ये तमिळनाडूत आणि पाठोपाठ कर्नाटकात त्यात रोडामाइन-बी सापडला. तो त्या आठांत नाहीच, तो कापड रंगवायचा रंग आहे. जत्रेतल्या काडीला लेबल नसतं, तिथे आकडे वाचणार कुठे?

आणि लेबल नसलेली सगळ्यात मोठी वस्तू आपल्याच घरात आहे. गूळ.

आम्ही हा कार्यक्रम करणाऱ्या सगळ्या ऊसपट्ट्यातल्या. कुणाचं माहेर गुऱ्हाळाचं, कुणाचं सासर. त्यामुळे हे बोलताना जरा जड जातं, पण आपणच नाही बोललो तर कोण बोलणार? रस काहिलीत उकळायला लागला की मळी वर येते. ती काढायला पूर्वीपासून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. थोडा चुना पडतो, त्याने रसाचा आंबटपणा कमी होतो आणि गूळ नीट बसतो. इथवर सगळं आजोबा-पणजोबांचंच. पुढे येते ती पांढरी पावडर, जिला सगळे ‘हायड्रॉस’ म्हणतात. सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या रंगकामात वापरतात ती. ती घातली की रसातला तांबूसपणा उडतो आणि गूळ पिवळाधमक, सोन्यासारखा निघतो.

तोटा काय? एक, तिच्यातल्या गंधकाचा अंश, सल्फर डायऑक्साइड, गुळात राहतो. दुसरं, हा रंग टिकत नाही. हवा लागली की काही महिन्यांत तोच गूळ काळवंडतो. बाजारात दर मिळेपर्यंतचाच हा रंग, असं म्हणा ना.

कायदा सांगतो, गुळात हा सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हा ७० आकडा डोळ्यांसमोर कसा आणायचा? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची तज्ज्ञांची एक संयुक्त समिती १९५६ पासून हेच काम करते. जनावरांना एखादा पदार्थ वाढत्या प्रमाणात देऊन बघतात. ज्या प्रमाणापर्यंत काहीच त्रास दिसत नाही, त्याला बहुधा १०० ने भागतात. जे उरतं तेवढं माणसाने जन्मभर रोज खाल्लं तरी चालेल, असं धरतात. सल्फर डायऑक्साइडसाठी हे प्रमाण आहे वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या पोराला दिवसाला साडेदहा मिलिग्रॅम.

आता हिशेब करा. मर्यादेतला गूळ असेल आणि पोराने चिक्की-लाडवातून ५० ग्रॅम खाल्ला, तर साडेतीन मिलिग्रॅम पोटात गेलं. ठीक आहे. पण काहिलीत पावडर मुठीने पडली आणि किलोला २०० मिलिग्रॅम उरलं, तर त्याच ५० ग्रॅमात १० मिलिग्रॅम. दिवसाचं सगळं माप त्या गुळातच भरलं, आणि बेदाणे, सरबत अजून राहिलंच आहे. दम्याच्या माणसाला तर हा हिशेबही लावता येत नाही. काहींना थोड्याशा सल्फाइटनेही धाप लागते. घरात दम्याचं लेकरू असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.

मग लोक घालतात का? कारण साधं आहे. तांबूस गूळ घेऊन गेलं की सौद्यात दर पडतो. तीस किलोच्या रव्यामागे जो फरक पडतो, त्यात गुळव्याची आणि जाळ घालणाऱ्याची मजुरी निघते. आमच्यातल्या एकीच्या घरी एका हंगामात पावडर बंद करून बघितली. गूळ चांगला होता, पण व्यापाऱ्याने रंग बघून नाक मुरडलं. घरात आठवडाभर धुसफूस चालली. ‘तुझ्या रेडिओने आमचा दर पाडला’ असंही ऐकून घ्यावं लागलं तिला. नंतर त्यांनी ओळखीत किलो-किलोने विकून बघितला, तेव्हा कुठे हिशेब बसला. सगळ्यांना हे जमेल असं आम्ही म्हणत नाही. पण व्यापारी पिवळा मागतो, कारण दुकानदार पिवळा मागतो, आणि दुकानदार मागतो कारण संक्रांतीला आपण गुळाचे दोन खडे समोर धरून पिवळ्याकडे बोट दाखवतो.

मात्र आता उलटी फॅशन आलीय, तीही सांगून टाकतो. काळा दिसला की सेंद्रिय म्हणून दुप्पट भाव! गुळाचा रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर, पाण्यावर, जाळ किती वेळ लागला यावर ठरतो. क्षारपड जमिनीतला गूळ पावडरीशिवायही गडद येतो, आणि पावडर घातलेला जुना गूळही काळाच होतो. नुसत्या नजरेने किंवा जिभेवर ठेवून गंधक कळत नाही. ते कळतं प्रयोगशाळेत.

ती सोय कायद्याने आपल्यालाही दिली आहे, फारशी कुणाला ठाऊक नसते एवढंच. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० म्हणतं, की साधा ग्राहकही विकत घेतलेला पदार्थ फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एक आहे : घेतानाच दुकानदाराला सांगायचं, की मी हे तपासायला देणार आहे. दोष निघाला तर भरलेली फी परत मिळते. एकटीला फी जड वाटली तर गटाने भरा.

आता आपल्या बचत गटांचं. लोणचं, सरबत, पापड करणाऱ्या आपण सगळ्या कायद्याच्या भाषेत ‘अन्न व्यावसायिक’ आहोत. नोंदणीचा चौदा आकडी नंबर पुडीवर हवा, आणि आत काय घातलंय तेही. सोडियम बेंझोएट लोणच्यात घालायला परवानगी आहे, पण बेंझोइक आम्लाच्या हिशेबाने किलोला २५० मिलिग्रॅम. पाच किलोच्या बरणीला पावडर साधारण दीड ग्रॅम लागते. चहाच्या चमच्याची शीग लावली तर मापाच्या तिप्पट होते. म्हणून चमचा नको, चिमूट तर नकोच. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, गटात एक असला तरी पुरे. आणि बेंझोएट आंबट पदार्थातच काम करतं. लोणच्यात मीठ, तेल, आंबटपणा नीट असेल तर त्याची गरज लागत नाही, हे आपल्या सासवांनी कधीच सिद्ध केलंय.

सरबतवाल्यांसाठी एक गोष्ट. लिंबू, आवळा, कैरीच्या सरबताला ‘केएमएस’ घालतात, तीच गंधकाची जात. पाणी घालून प्यायच्या दाट सरबताला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ३५०, म्हणजे पावडर सुमारे ०.६ ग्रॅम. गुळाला ७० आणि इथे ३५० कसं, असं विचाराल. दाट सरबतात आपण तिप्पट-चौपट पाणी घालतो, गूळ तसाच खातो. कोकम आणि जांभळाला मात्र केएमएस घालू नका, त्यांचा लाल-जांभळा रंगच उडून जातो. तिथे बेंझोएट वापरतात.

तक्रार करायची असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री नंबर आहे १८००-२२२-३६५. लिहून घ्या, पुन्हा सांगतो : १८००-२२२-३६५. पुडा, त्यावरचा बॅच नंबर आणि पावती जपून ठेवा. पावती नसली की पुढे काही हलत नाही.

पुढच्या मंगळवारी याच वेळी बेदाण्यांविषयी बोलू. हिरवा बेदाणा हिरवा कसा राहतो, हे सांगायला बेदाणा शेडवर काम करणाऱ्या दोन मैत्रिणी येणार आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न असतील तर शनिवारपर्यंत केंद्रावर पाठवा.