संहिता, प्रयोग आणि ८४ गुण



समीक्षकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षानं मराठी समीक्षेच्या सद्यःस्थितीबद्दल चिंता व्यक्त करावी, असा प्रघात आहे. तो आज मोडतो. मी बोलणार आहे एका व्हिडिओ गेमबद्दल, आणि त्याहून जास्त त्या गेमच्या समीक्षेबद्दल. तुमच्यापैकी काहींनी तो अनेकदा खेळला असेल, काहींनी नावही ऐकलं नसेल. दोघांनाही सोबत घेऊन जायचा प्रयत्न करतो.

गेम ही कला आहे का, हा प्रश्न आधी बाजूला ठेवू. एप्रिल २०१० मध्ये रॉजर एबर्ट या नामवंत चित्रपटसमीक्षकानं लिहिलं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत. त्यावर इतका गदारोळ झाला की जुलैत त्यानं कबूल केलं, गेम न खेळता आपण हे बोलायला नको होतं. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पुस्तकं, नाटकं आणि चित्रपटांप्रमाणे गेमनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असा निर्वाळा दिला. आपल्यापुढचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: या कलाकृती वाचायच्या कशा?

माझ्यासमोरचं उदाहरण आहे 'फॉलआउट: न्यू वेगास'. ऑक्टोबर २०१० मध्ये तो बाजारात आला. अणुयुद्धाला दोनशे वर्षं उलटली आहेत, साल आहे २२८१, आणि स्थळ आहे अमेरिकेतलं मोहावी वाळवंट. आपण एक कुरिअर असतो, म्हणजे सामान पोचवणारा माणूस. गोष्ट सुरू होते तीच आपल्या डोक्यात गोळी घालून आपल्याला पुरलं जातं तिथून. गुडस्प्रिंग्ज नावाच्या वस्तीतला एक डॉक्टर आपल्याला वाचवतो. त्याच्या घराबाहेर पडलं की पुढचा रस्ता आपला आपण ठरवायचा.

सगळ्यांचा डोळा हूव्हर धरणावर. पाणी आणि वीज ज्याच्या हाती, वाळवंट त्याचं. एक दावेदार आहे न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक: लोकशाही आहे, पण कर आहेत, कागदपत्रं आहेत आणि पेलवणार नाही एवढं पसरलेलं सैन्य आहे. दुसरा सीझर. हा मुळातला अभ्यासू तरुण. रोमचा इतिहास पुस्तकांतून वाचतो आणि टोळ्या जिंकून गुलामगिरीवर उभं साम्राज्य घडवतो. त्याच्या तंबूत गेलात तर तो हेगेलच्या द्वंद्ववादाचा दाखला देऊन स्वतःचं समर्थन करतो. तिसरा श्रीमान हाउस, युद्धापूर्वीपासून यंत्राच्या आधारानं जिवंत राहिलेला धनिक. चौथी वाट तुमची स्वतःची. यातला एकही पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही, आणि लेखकांनी तुमच्या वतीनं निवड केलेली नाही. संवादांच्या सुमारे ६५,००० ओळी या गेमसाठी ध्वनिमुद्रित झाल्या. शेवटच्या लढाईतला सर्वांत भयंकर सेनापतीसुद्धा नुसत्या युक्तिवादानं परत पाठवता येतो.

आता समीक्षेकडे वळू. गेम आला तेव्हा त्यात असंख्य तांत्रिक दोष होते. तो मध्येच बंद पडे, जतन केलेली प्रगती काहींच्या बाबतीत नाहीशी होई. आणि अगदी पहिल्या प्रसंगात, तो जीव वाचवणारा डॉक्टर तुमच्याशी बोलत असताना त्याचं डोकं मानेवर गरागरा फिरू लागे. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. परीक्षणांचा सूर एकच होता: लेखन उत्तम, पात्रं उत्तम, निवडीचं स्वातंत्र्य अपूर्व, पण तंत्र जुनं आणि डळमळीत. हे शंभर टक्के खरं होतं. ज्यांनी तसं लिहिलं त्यांना मी दोष देणार नाही. आपल्या वाचकाला त्या आठवड्यात पैसे खर्चावेत की नाही, हे सांगणं त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी चोख केलं.

अडचण पुढे झाली. मेटाक्रिटिक नावाचं संकेतस्थळ २००१ पासून अशा परीक्षणांतले गुण गोळा करतं, त्यांची भारित सरासरी काढतं आणि शंभरपैकी एक आकडा देतं. कुठल्या नियतकालिकाला किती वजन, हे ते जाहीर करत नाही. 'न्यू वेगास'च्या पीसी आणि एक्सबॉक्स आवृत्त्यांना मिळाले ८४. मार्च २०१२ मध्ये, गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीत नोकरकपात चालू असताना, तिचे एक संस्थापक ख्रिस अव्हेलोन यांनी जाहीरपणे सांगितलं की विक्रीतला वाटा कंपनीला मिळणार नव्हता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच बोनस होता. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आपण ऐकून आहोत. इथं नुसत्या चौऱ्याऐंशीवर गाडं अडलं. समीक्षकांनी खरेदीदारासाठी लिहिलेली टिपणं कंत्राटातलं कलम होऊन बसली, आणि ती लिहिताना आपण कुणाच्या पगाराचा हिशेब मांडतोय, याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

काळ जसा गेला तसं या गेमचं मोल वाढत गेलं. दोष दुरुस्त झाले, चाहत्यांनी स्वतः उरलेसुरले दुरुस्त केले. आज 'फॉलआउट' मालिकेतला सर्वोत्तम गेम कोणता, या वादात 'न्यू वेगास'चं नाव आधी निघतं. हापूसच्या पेटीत वरच्या थराला चांगली फळं आणि खाली डागी, ही फसवणूक आपल्या ओळखीची आहे. या पेटीत डागी फळं नेमकी वर होती.

पण 'आधी नाकारलं, मग गौरवलं' ही गोष्ट सांगण्यासाठी मी उभा नाही. ती सोपी आहे आणि पुरती खरीही नाही, कारण ८४ म्हणजे काही नकार नव्हे. माझं म्हणणं वेगळं आहे. हा घोटाळा सोडवायचं हत्यार मराठी समीक्षेच्या घरात आधीपासून आहे, आणि ते आपल्याला नाटकानं दिलेलं आहे.

आपण नाटक पाहतो तेव्हा संहिता आणि प्रयोग वेगळे धरतो. पहिल्या प्रयोगाला दिवे चुकले, नट अडखळला, तरी चांगला नाट्यसमीक्षक संहितेवर राग काढत नाही. आणि नटसंच तगडा असला म्हणून पोकळ संहिता त्याला भरीव वाटत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात जगानं एका भक्कम संहितेचा फसलेला प्रयोग पाहिला. दोन्हींचं मोजमाप एका आकड्यात झालं आणि तो आकडा गोठला.

या भेदानं दोषांची वर्गवारीही नीट होते. डॉक्टरचं फिरणारं डोकं हा प्रयोगातला दोष होता, तो दुरुस्त झाला. पण सीझरचं राज्य अर्धवट राहिलं, हा संहितेतला दोष आहे. कोलोरॅडो नदीपलीकडचा त्याचा मुलूख वेळेअभावी गाळावा लागला, हे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनीही सांगितलं आहे. त्यामुळे रिपब्लिकची प्रजा, तिचे शेतकरी, तिचे कंटाळलेले शिपाई आपल्याला जागोजागी भेटतात. सीझरच्या राज्यात सामान्य माणूस कसा जगतो, हे मात्र फक्त ऐकीव. चार वाटांपैकी एक वाट त्यामुळे लंगडी पडते. मूळ गेमला ही उणीव कायमचीच राहिली. आजच्या भक्तांनी तिच्याकडे डोळेझाक करणं, ही पहिल्या आठवड्यातल्या घाईइतकीच वाईट समीक्षा आहे.

उलट उदाहरण त्याच मालिकेत आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'फॉलआउट ७६' आला. तो ऑनलाइन, अनेकांनी मिळून खेळायचा गेम. त्यात खेळाडूंखेरीज बोलणारी जिवंत माणसंच ठेवलेली नव्हती. गोष्ट कळायची ती ध्वनिफितींतून, टिपणांतून आणि यंत्रमानवांकडून. तांत्रिक दोष इथंही भरपूर होते आणि गुण पन्नाशीच्या आसपास पडले. पण समीक्षकांची मुख्य तक्रार संहितेबद्दल होती: माणसांविना हे जग रिकामं वाटतं. एप्रिल २०२० मध्ये तो गेम बनवणाऱ्या कंपनीनं त्यात माणसं आणली, म्हणजे संहिताच नव्यानं लिहिली. या वेळी समीक्षेचं ऐकलं गेलं, कारण तिनं नेमक्या जागेवर बोट ठेवलं होतं. २०२४ मध्ये मालिकेवरची दूरचित्रमालिका आली आणि याच गेमकडे खेळाडूंची रीघ लागली.

इथं नाटकाची चौकट अपुरी पडते, तेही सांगायला हवं. नाटकात प्रेक्षक खुर्चीत असतो. गेममध्ये तो रंगमंचावर असतो. ज्यानं हाउसची साथ दिली आणि ज्यानं त्याला मारलं, त्या दोघांनी एकच कलाकृती पाहिलेली नाही. एखादा खेळाडू बोलण्याचं कौशल्य वाढवतो आणि बंदूक न उचलता निम्मी संकटं पार करतो. दुसरा तहान-भूक-झोप सांभाळावी लागेल असा खडतर पर्याय निवडतो, आणि त्याला वाळवंट खरोखर वाळवंट वाटतं. म्हणून गेमच्या समीक्षकाला स्वतःच्या भूमिकेचा पुरावा द्यावा लागतो. मी काय पाहिलं हे सांगायच्या आधी, मी कोण म्हणून पाहिलं, हे त्यानं सांगितलं पाहिजे.

पूर्वग्रहाचा मुद्दाही यातच येतो. ऑब्सिडियनची ख्याती आधीपासूनच 'लेखन सुंदर, काम कच्चं' अशी होती. त्यात सोंगट्यांचा पट दुसऱ्याचा: २००८ च्या 'फॉलआउट ३'चं तंत्र घेऊन, सुमारे १८ महिन्यांत गेम पूर्ण करायचा होता. खरं तर यातली काही मंडळी मूळ मालिकेच्या घरातलीच. १९९८ चा दुसरा 'फॉलआउट' ज्या ब्लॅक आयल स्टुडिओत घडला, तिथल्या लोकांनी २००३ मध्ये ऑब्सिडियन स्थापन केली. तरी अनेकांनी 'न्यू वेगास' वाचला तो 'तिसऱ्या'ची पुरवणी म्हणून. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवताना स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं होतं, ते अशाच पूर्वग्रहाच्या भीतीपोटी. नावाचं वजन परीक्षकाच्या मनावर पडू नये, ही त्यांची इच्छा. शेकडो माणसांनी मिळून केलेल्या गेमला ती सोय नाही. तेव्हा नाव बाजूला ठेवून वाचायची जबाबदारी समीक्षकावरच येते.

आपल्या देशाशी या मालिकेचा एक संबंध आहे, आणि तो काही अभिमानाचा नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की भारतातल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेमुळे 'फॉलआउट ३' इथं आणणार नाही. नेमकं काय खटकलं, हे कंपनीनं सांगितलं नाही. बहुतेकांचा तर्क होता की या मालिकेतल्या दोन तोंडांच्या गुरांमुळे, ज्यांना तिथं 'ब्राह्मिन' म्हणतात, वाद होईल अशी भीती असावी. न घडलेल्या वादाच्या धाकानं कलाकृती अडली. जिथं जाणती समीक्षा उभी नसते, तिथं काय वाचायचं आणि काय नाही, हे व्यापाऱ्याची धास्ती ठरवते.

म्हणून या व्यासपीठावरून काही ठोस सूचना मांडतो. संमेलनाच्या खुल्या अधिवेशनात त्यांवर चर्चा व्हावी.

पहिली: मराठीत गेमबद्दल लिहिताना लेखाच्या माथ्यावर चार गोष्टी द्याव्यात. कोणत्या यंत्रावर खेळलो, कोणत्या दुरुस्तीनंतरची आवृत्ती, किती तास, आणि कुणाच्या बाजूनं.

दुसरी: शंभरपैकी आकडा देऊ नये. ज्याला खरेदीचा सल्ला हवा, त्याला दोन वाक्यांत सरळ सल्ला द्यावा. बाकी लेख वाचनासाठी ठेवावा.

तिसरी: एकाच गेमवर, वेगळ्या वाटांनी गेलेल्या दोघांचे लेख शेजारी शेजारी छापावेत. रिपब्लिकच्या बाजूनं लढलेल्याचा आणि एकट्यानं वाट काढलेल्याचा. त्या दोघांचं जिथं पटणार नाही, तिथूनच खरी समीक्षा सुरू होईल.

चौथी सूचना संपादकांसाठी आहे. पहिल्या आठवड्याची घाई आपल्यावर कुणी लादलेली नाही. आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा आहे, जिथं वर्षभर मुरलेला, लांब, सविस्तर लेख छापला जातो. दुरुस्त्या होऊन गेल्यावर, आरडाओरडा शमल्यावर, वर्षादोनवर्षांनी एखाद्या गेमचं दुसरं वाचन करायला याहून योग्य जागा मला दिसत नाही. इंग्रजी परीक्षणांशी वेगात स्पर्धा करायला जाऊ नका. आपलं बळ उशिरा आणि सविस्तर बोलण्यात आहे.

ज्येष्ठांना एवढंच सांगेन: हातात कंट्रोलर धरता आला नाही तरी संवाद, पात्रं, नैतिक पेच यांचं वाचन तुम्हाला येतं. घरातल्या नातवंडाला शेजारी बसवा, त्याला खेळू द्या आणि तुम्ही प्रश्न विचारा. तरुणांना सांगेन: तुम्हाला खेळता येतं, पण 'भारी आहे' किंवा 'फालतू आहे' याच्या पुढे जाऊन का, हे लिहायला शिका. मर्ढेकरांपासून तेंडुलकरांपर्यंत, आधी खटकलेलं साहित्य या भाषेनं वाद घालत, भांडत, पुन्हा पुन्हा वाचून आपलंसं केलं आहे. ती सवय आपण गेमच्या बाबतीत सोडायचं कारण नाही.

संमेलनाच्या उरलेल्या सत्रांत माझ्याशी मनसोक्त मतभेद नोंदवा.