प्रत्येक लेकराचे माप निराळे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, या वर्षी तुम्ही चार शब्द बोला, तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. मी सातवी शिकलेली बाई. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे एस.टी.ने जावे लागे, आणि मुलीला कोण धाडणार? भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. माझा प्रांत म्हणजे स्वयंपाकघर आणि शिलाईचे मशीन. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलाचे सांगा, तेवढे पुरे." मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "सांग आई, पण मला उगीच फार चांगला करू नकोस." तेव्हा त्याच्या परवानगीने, जसे घडले तसे सांगते.

मला तीन मुले. थोरली मुलगी, मधला मुलगा आणि धाकटी मुलगी. थोरलीला एकदा वाचले की पाठ होई. संडे स्कूलमध्ये वचने म्हणण्यात तिचा पहिला नंबर ठरलेला. मधल्याचे तसे नव्हते. वाचायला बसला की ओळ सुटे, जोडाक्षर आले की अडे, आणि वहीत 'ब' लिहायचा तेथे 'व' पडे. आठवीपर्यंत शाळेत कोणाला नापास करीत नसत, म्हणून तो वर्गामागून वर्ग चढत गेला. २०१९ साली नववीला मात्र नापास झाला.

त्याच्या चार वर्षे आधीची एक गोष्ट सांगते. नाताळ तोंडावर आलेला, गिऱ्हाइकांचे ब्लाउज पडलेले, आणि माझे मशीन टाके सोडू लागले. सुई बदलली, दोरा बदलला, काही उपयोग होईना. हा अकरा वर्षांचा पोरगा शेजारी येऊन बसला. त्याने बॉबिन काढली, आतली चकती काढली, तिच्यात अडकलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्याने वेचले, तेल सोडले आणि सगळे होते तसे बसवून दिले. मशीन चालू लागले. आणि मी काय म्हणाले? "असली कामे बरी सुचतात! अभ्यास तेवढा सुचत नाही." लेकरू उठून गेले. त्या नाताळात मी वेळेवर कपडे दिले, पैसे मिळाले, पण त्याला शाबास म्हणायचे राहून गेले.

आता नापासाची गोष्ट. जून महिन्यात मी त्याच्या वह्यांना खाकी कागद घालीत होते. खळ करून वाटीत घेतली होती. मी चिकटवीत होते आणि तो कागदाच्या पट्टीवर नाव, इयत्ता लिहीत होता. एक वही उचलून पाहते तो नावाच्या जागी त्याने एकच अक्षर लिहिले होते : 'ढ'.

मी रागावणार होते. तोच तो म्हणाला, "वर्गात सगळे हेच म्हणतात. तूही त्या दिवशी मावशीला फोनवर हेच म्हणालीस."

भगिनींनो, वाटीतली खळ तशीच सुकून गेली. हेच लेकरू आम्ही बाप्तिस्म्याला नेले होते. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी त्याला सर्व मंडळीसमोर नावाने हाक मारली होती. ते नाव देवाच्या घरात दिले गेले होते, आणि मी, त्याची आई, ते पुसून दुसरे लिहायला त्याला शिकविले होते.

त्या रात्री झोप आली नाही. पडल्या पडल्या विचार करता ध्यानात आले की, हे दुखणे त्याचे कमी आणि माझे अधिक आहे. मी सातवीला थांबले, त्याची लाज मी पंचवीस वर्षे पदराखाली बाळगली होती. ती माझ्या मुलांनी फेडावी असे मला वाटे. थोरलीने ती फेडली म्हणून ती लाडकी, आणि याने फेडली नाही म्हणून हा नालायक! मुले काय आईबापांचे कर्ज फेडायला जन्मतात? इसहाक आणि रिबका यांचे घर आठवा. एक मुलगा रानात शिकार करणारा, दुसरा तंबूत राहणारा. बापाने एक उचलला, आईने दुसरा उचलला, आणि त्या घराची फाटाफूट झाली. मुले निराळी होती हा दोष नव्हता. तराजू हाती घेणारे आईबाप चुकले.

शास्त्रात मला जो आधार मिळाला तो सांगते. निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ, लाकूड, दगड यांचे काम त्याच्या हाती होते, आणि देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले असे तेथे लिहिले आहे. म्हणजे देवाचा आत्मा उपदेश करणाऱ्यालाच मिळतो असे नाही, हातोडी धरणाऱ्यालाही मिळतो. त्याच मंडपासाठी बायांनी सूत कातून आणले, त्याचीही नोंद आहे. उलट मोशेला बोलता येत नव्हते, जीभ जड होती. देवाने त्याला टाकून दिले नाही, बोलायला भाऊ दिला. आणि दावीद? शमुवेल घरी आला तेव्हा इशायाने सात मुलगे पुढे उभे केले. आठवा मेंढरांमागे होता, त्याला बापाने घरीसुद्धा बोलाविले नव्हते. आपल्याही घरी असा एखादा आठवा असतो, ज्याला पाहुण्यांपुढे आणायला आपण कचरतो.

आता शिकलेली माणसे काय म्हणतात तेही थोडे ऐका. आमची थोरली डी.एड. झाली. तिने मला समजावून सांगितले. फ्रान्स देशात आल्फ्रेद बिने या विद्वानाने १९०५ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर बुद्धी मोजण्याची पहिली कसोटी तयार केली. कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल ते कळावे हा तिचा हेतू होता. पुढे लोकांनी तिचा उपयोग मुलांवर शिक्के मारायला केला. पुढे १९८३ साली अमेरिकेतील हॉवर्ड गार्डनर यांनी एका ग्रंथात मांडले की, बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते. शब्दांची, गणिताची, गाण्याची, आकार व जागा ओळखण्याची, अंगमेहनतीच्या कौशल्याची, दुसऱ्याचे मन जाणण्याची आणि स्वतःला ओळखण्याची असे सात प्रकार त्यांनी सांगितले. झाडे-प्राणी ओळखण्याची बुद्धी त्यांनी नंतर त्यात घातली. याला बुद्धी म्हणावे की नुसते कौशल्य म्हणावे, यावर विद्वानांत वाद आहे. तो वाद त्यांनी करावा. मला एवढे कळले की, माझ्या धाकटीला आळीतल्या प्रत्येक आजाऱ्याची खबर असते आणि रडणारे मूल तिच्या कडेवर गप्प होते, हाही एक गुणच आहे. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही इतकेच.

आपल्या महाराष्ट्रात तर हे फार पूर्वी करून दाखविले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळात सापडलेल्या मुली, विधवा यांना आसरा दिला. बाई स्वतः संस्कृतच्या मोठ्या पंडिता, पण साऱ्यांना एकाच साच्यात घातले नाही. कोणी विणकाम शिकली, कोणी शेती, कोणी छापखान्याचे काम. अंध मुलींसाठी बोटांनी वाचायची ब्रेल लिपी आणली. बाई १९२२ साली वारल्या. त्यांनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यात छापून निघाले, आणि त्याचे खिळे जुळविणारे हात त्याच स्त्रियांचे होते. आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! त्या शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर अक्षरे शिकल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, आणि आज शिकलेली माणसे त्यांच्याकडून मराठी शिकतात.

पण एक सावधगिरीची गोष्ट. "याची बुद्धी वेगळी" असे म्हणून मुलाची शाळा सोडवू नका, आणि मुलीची तर मुळीच नको. मी त्याचे दुःख जाणते. वाचता आलेच पाहिजे, हिशेब आलाच पाहिजे. न वाचणारा कारागीर जन्मभर दुसऱ्याच्या कागदावर अंगठा देतो. मूल मागे पडत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. बुद्धी असून अक्षरांशीच झगडणारी मुलेही असतात. २०१६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात या अडचणीची नोंद आहे. शाळेतल्या बाईंना विचारा, सरकारी इस्पितळात तपासणीची चौकशी करा. परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळतात. यात लाजण्यासारखे काही नाही. आम्ही हे वेळेवर केले नाही, तुम्ही करा.

आणि घरात तीन नेम धरा. परक्यासमोर मुलाचे उणे काढू नका, पोर झोपले आहे असे वाटत असतानासुद्धा नको. भावंडांची तुलना करू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी त्याने केलेले चांगले काम, केवढेही लहान असो, नाव घेऊन बोलून दाखवा.

हन्नाची गोष्ट मला फार आवडते. ती दर वर्षी शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. मी शिवणारी बाई, म्हणून मनात येते की, दर वर्षी तिने माप बदलले असणार. गेल्या वर्षीचे चालणार नाही, शेजारच्या मुलाचेही चालणार नाही. आपण गिऱ्हाइकाचे माप टेप लावून घेतो, आणि स्वतःच्या लेकराचे माप मात्र शेजारणीच्या मुलावरून घेतो!

आता माझ्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगते. तो पुन्हा नववीला बसला. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, शाळेच्या गुणांवर जवळजवळ सारे पास झाले, त्यांत हाही झाला. लोक हसले. मी हसू दिले. पुढे आय.टी.आय.ला गेला, आणि आज एका कारागिराच्या हाताखाली पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरतो. पगार बेताचा आहे. वाचताना अजून अडतो, पण रोज रात्री शास्त्रातला एक उतारा बोट ठेवून मोठ्याने वाचतो आणि आम्ही थांबून ऐकतो. पुढे काय होईल ते देव जाणे. मी आता भविष्य सांगत नाही.

बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले. सुटकेला सत्तर वर्षे आहेत असे स्पष्ट सांगितले, आणि त्याच पत्रात घरे बांधा, बागा लावा असेही लिहिले. मला वाटते आशा ती हीच. निकालाची वाट पाहत बसणे नव्हे, तर आहे त्या जमिनीत आजच रोप लावणे. पूर्वी मी प्रार्थना करी, "देवा, याला पास कर." हल्ली म्हणते, "देवा, तू हा कोण म्हणून घडविलास ते मला पाहू दे."

ती 'ढ' लिहिलेली पट्टी मी त्याच रात्री भिजवून काढली आणि स्वतःच्या हाताने त्याचे पूर्ण नाव लिहिले. माझे अक्षर काही वळणदार नाही. पण ती वही त्याने अजून ठेवली आहे. आज घरी गेल्यावर तुम्हीही आपल्या लेकराला त्याच्या खऱ्या नावाने एकदा हाक मारा, एवढेच माझे मागणे.