एक यंत्र, दोन खाती



मी बोईसरला संगणक शिकवते. बारावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की पालक भेटायला येतात. कोणी तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणारे, कोणी अणुशक्ती केंद्रात कामाला, कोणाचं पालघरला दुकान. प्रश्न बहुतेकांचा सारखाच असतो. ‘मॅडम, पोरानं हट्ट करून गेमिंग पीसी घेतला. आता इंजिनिअरिंगला चाललाय, तर अभ्यासाला वेगळा लॅपटॉप घ्यावा लागेल ना?’

माझं उत्तर आज सगळ्यांसाठी सांगते. वेगळं यंत्र घेऊ नका, वेगळं खातं उघडा. घरात आहे त्याच संगणकावर एक खातं खेळाचं आणि एक खातं कामाचं. पुढच्या काही मिनिटांत हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण लोक बाकी सगळं लक्षात ठेवतात आणि नेमकं हेच विसरतात.

आधी पालकांच्या मनातली शंका. गेमिंग पीसी अभ्यासाला चालतो का? चालतो, आणि उत्तम चालतो. चांगला प्रोसेसर, 16 जीबी रॅम, एसएसडी. ऑफिसच्या संगणकात आपण जे मागतो ते सगळं यात आधीच आहे. वर ग्राफिक्स कार्ड जास्तीचं. वर्ड, एक्सेल, टॅली, वर्गाचे व्हिडिओ यांना त्या कार्डाची फारशी गरज लागत नाही. गरज नसते तेव्हा ते जवळजवळ निवांत बसतं, कित्येक कार्डांचे तर पंखेसुद्धा थांबतात.

सातपाटीची बोट डोळ्यांसमोर आणा. इंजिन मोठं असतं, कारण खोल समुद्रात जायचं असतं. पण खाडीत शिरल्यावर तांडेल काय करतो? इंजिन हळू करतो. बोट तीच, इंजिन तेच, चाल वेगळी. खाडीसाठी दुसरी लहान बोट घ्यावी असं कोणताही तांडेल म्हणत नाही. आणि खाडीत येताना जाळी पाण्यात सोडलेली ठेवत नाही, आधी आवरून घेतो. नाहीतर ती बोटीच्या पंख्यात अडकणार. तुमच्या मुलाच्या संगणकाचं दुखणं नेमकं हेच आहे. यंत्र खाडीत आलंय आणि जाळी पाण्यातच आहेत. अभ्यासाला बसला की गेमचं दुकान आपोआप उघडतं, मित्रांच्या गप्पांची खिडकी टिणटिण वाजते, कुठल्या तरी गेमचं अपडेट सुरू होऊन इंटरनेट खाऊन टाकतं. मग आपण म्हणतो, मुलाचं लक्ष नाही.

म्हणून वेगळं खातं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स नावाचा भाग आहे. तिथे दुसरा वापरकर्ता जोडा. तो साधा वापरकर्ता असू द्या, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका. मग त्या नव्या खात्यात जा आणि संगणक सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या ॲप्सची यादी काढा. तिथे गेमशी संबंधित जे दिसेल ते बंद करा. ब्राउझरसुद्धा तिथे कोरा असतो, कॉलेजच्या ईमेलने उघडायचा. पडद्याचं चित्र वेगळं ठेवा, म्हणजे बसल्याबरोबर कळेल आपण कुठे आहोत. एवढं करायला अर्धा तास पुरतो आणि एक रुपयाही लागत नाही.

आता मुलांना थोडं रागावते. फुकट मिळालेले, कुलूप तोडलेले गेम आणि खेळात फसवणूक करायची सॉफ्टवेअर तुम्ही उतरवता. ती चालावीत म्हणून अँटिव्हायरस बंद करा असं तिथे लिहिलेलं असतं, आणि तुम्ही तो करता. त्यातून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आत येतात. त्याच संगणकावर बाबा जीएसटी भरतात, आई बँकेचे व्यवहार करते. इथे दुसरं खातंही पूर्ण संरक्षण देत नाही, कारण मुळात ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून चोर आत घेतला तर तो सगळं घर फिरतो. असं काही उतरवलं असेल तर बँकेचं काम त्या यंत्रावर करू नका. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाकून घ्या.

ते ग्राफिक्स कार्ड अभ्यासात कधी लागतं, हेही सांगते, कारण पैसे तिथेच गेलेले असतात. कॉमर्सच्या मुलांना लागत नाही. ऑटोकॅडमधल्या साध्या सपाट ड्रॉइंगलाही फारसं लागत नाही, तिथे प्रोसेसरचा वेग महत्त्वाचा. पण यंत्राच्या भागाचं त्रिमितीय मॉडेल फिरवून पाहायचं असेल, इमारतीचं रंग-प्रकाशासह चित्र काढायचं असेल, व्हिडिओ संकलन करायचं असेल, तर ते कार्ड तासांचं काम मिनिटांत करू शकतं. आपल्याकडे चिंचणी, वरोर या किनाऱ्याच्या गावांत दागिन्यांच्या डाय बनवण्याचा धंदा घरोघरी चालत आला आहे. हाताने पोलादावर नक्षी कोरणारे कारागीर आहेतच, पण आता नक्षी संगणकावर रेखून सीएनसी यंत्रावर कोरणंही चालतं. त्या घरांतल्या मुलाकडे गेमिंग पीसी असेल तर तो घरच्या धंद्याचंच अवजार आहे. मुलाला तसं सांगा तरी!

आणि संगणकशास्त्राच्या मुलांनो, तुमच्यासाठी तर त्या कार्डात खजिना आहे. 2007 मध्ये एनव्हिडिया कंपनीने कुडा नावाची सोय आणली. तिच्यामुळे गेमच्या कार्डावर इतर गणितंही करता येऊ लागली. गेमचा पडदा रंगवताना लाखो ठिपक्यांचा हिशेब एकाच वेळी करावा लागतो. तसाच हिशेब कृत्रिम बुद्धिमत्तेलाही लागतो. 2012 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या ॲलेक्स क्रिझेव्स्की या विद्यार्थ्याने चित्रं ओळखणारी एक प्रणाली शिकवली. त्यासाठी वापरली होती जीटीएक्स 580 ही गेम खेळायचीच दोन कार्डं. प्रत्येकाची मेमरी फक्त 3 जीबी! बारा लाख चित्रांवर ती प्रणाली पाच-सहा दिवस शिकत होती. त्या वर्षीच्या इमेजनेट स्पर्धेत ती इतकी पुढे गेली की दुसरा क्रमांक खूप मागे राहिला. त्याचे मार्गदर्शक जेफ्री हिंटन यांना 2024 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आज बोईसरच्या एखाद्या घरात टेबलावर असलेलं कार्ड त्या दोन कार्डांपेक्षा ताकदीचं असू शकतं. त्यावर फक्त गोळ्या झाडायच्या का? खेळा, जरूर खेळा. पण कामाच्या खात्यात पायथन टाका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक धडे मराठीतून ऐकायला मिळतात, तेही फुकट. ऐकत ऐकत हाताने करून पाहायचं, अशीच त्यांची पद्धत आहे.

आता विजेचं. ‘बिल किती येईल?’ हा आईचा प्रश्न. गेम सुरू असताना असा संगणक 400 वॉटपर्यंत किंवा त्याहून जास्त घेऊ शकतो. पण लिहिणं-वाचणं चालू असताना तो साधारण 100 वॉटच्या आसपासच राहतो. म्हणजे पाच तास अभ्यासाला अर्धा युनिट, आणि पाच तास खेळाला दोन युनिट. बिल यंत्राचं येत नाही, वापराचं येतं.

तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, तरी आपल्या वाड्या-पाड्यांवर पावसाळ्यात वीज जातेच. म्हणून यूपीएस हवा. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॉट पेलतो. गेम चालू असताना वीज गेली तर तो लगेच मान टाकेल. पण कामाच्या वेळी फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ नक्की देईल. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर तो प्युअर साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर या संगणकांचे काही पॉवर सप्लाय नीट चालत नाहीत. आणि अर्थिंग तपासून घ्या. पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा. हे हसण्यावारी नेऊ नका.

गेमिंग लॅपटॉप असेल तर थोडं वेगळं. डहाणू लोकलच्या गर्दीत तो आणि त्याचा विटेएवढा ॲडॉप्टर घेऊन विरारला, अंधेरीला जाणं म्हणजे पाठीवर सहज तीन किलो ओझं. गाडीत, वर्गात बॅटरीवर चालवायचा असेल तर तो सायलेंट किंवा इको मोडवर ठेवा, पडद्याचा वेग 144 वरून 60 हर्ट्झवर आणा, आणि ग्राफिक्स हायब्रिडवर ठेवा, म्हणजे मोठं कार्ड झोपून राहतं. खाडीतली चाल ती हीच. घरी दिवसभर चार्जिंगला लावून ठेवत असाल तर बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक कंपन्या देतात. ती चालू करा, बॅटरी जास्त वर्षं टिकेल.

वेळ थोडा उरला आहे, सफाईचं पटकन सांगते. एका बाजूला समुद्राची खारी हवा, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची धूळ, अशा दोन्हींत आपण राहतो. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढतात, बूड खरवडतात, इंजिन उघडतात. तसा वर्षातून एकदा तरी संगणक उघडून ब्लोअरने साफ करा, पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर ती गरगर फिरून बिघडतात. पीसी जमिनीवर ठेवू नका. चालू संगणकावर विणलेलं कव्हर घालून ठेवणाऱ्या घरांना मी काय सांगू... तेवढं तरी काढा.

बॅकअपबद्दल खूप बोलायचं होतं, ते आता पूर्ण होणार नाही. एवढंच सांगते, प्रोजेक्टची एक प्रत संगणकाबाहेर असलीच पाहिजे, पेन ड्राइव्हवर असो वा गूगल ड्राइव्हवर.

पालकांनो, पाहुण्यांसमोर ‘हा दिवसभर गेमच खेळतो’ असं म्हणणं थांबवा. त्याऐवजी शेजारी बसून विचारा, ‘तुझं कामाचं खातं दाखव.’ नसेल तर दोघं मिळून उघडा. दुसऱ्या लॅपटॉपसाठी कर्ज काढायचा विचार असेल तर तो पुढे ढकला, ते पैसे फीला लागतील. मुलांनो, तुमच्याकडे जे यंत्र आहे ते तुमच्या बऱ्याच वर्गमित्रांकडे नाही. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी एखाद्या मैत्रिणीला, मित्राला त्यावर प्रोजेक्ट करू द्या. त्यांच्यासाठीही एक खातं उघडता येतं. आज जेवणं झाली की पहिलं काम तेवढं करा.