घामाचे दोन अर्थ

मोहोराचे दिवस आहेत. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या हापूसच्या कलमांवर फवारणीचे पंप चालू आहेत, आणि जांभ्याच्या गडग्यात तांबडा विंचू बाराही महिने असतोच. समजा, एकाच संध्याकाळी आरोग्य केंद्रात दोघांना आणले. एक फवारणी करून आलेला, दुसरा गडग्याचा चिरा उचलताना विंचू डसलेला. दोघेही घामाने निथळताहेत, लाळ गळते आहे, उलट्या होताहेत. कपाटात अ‍ॅट्रोपिनच्या कुप्या आहेत; एका मिलिलिटरच्या कुपीत ०.६ मिलिग्रॅम औषध. पहिल्याला ते वाचवील, दुसऱ्याला बहुधा आणखी खाईत लोटील. म्हणून ‘हे औषध सुरक्षित आहे का?’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. अ‍ॅट्रोपिनची सुरक्षितता कुपीत नसते. समोरचा घाम कशाचा आहे हे ओळखण्यात ती असते.

फवारणीच्या विषाचे आधी पाहू. मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते, निरोप पोचवते आणि लगेच एक विकर त्याचा निकाल लावते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके या विकरालाच जखडतात. मग रसायन साचत जाते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती स्रावाने भरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. अ‍ॅट्रोपिन त्या रसायनाची जागा अडवून बसते. इथे हात आखडून चालत नाही. मोठ्या माणसाला सुरुवातीलाच १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच कुप्या, आणि उतार पडला नाही तर दर पाच मिनिटांनी दुप्पट. थांबायचे कधी, हे कळायला डॉक्टर रुग्णाच्या काखेत हात घालून पाहतात. काख कोरडी, छातीतली घरघर गेलेली, नाडी ऐंशीच्या वर आणि रक्तदाब सावरलेला, की पुरे. त्यापुढे देत राहिले तर माणूस बरळू लागतो, अंग तापते, लघवी अडते. धोत्रा खाल्लेल्याची जी अवस्था, तीच ही, कारण महादेवाला वाहतो त्या धोत्र्यातही हेच द्रव्य आहे. शिवाय स्नायूंची दुर्बलता अ‍ॅट्रोपिनने हटत नाही. घाम सुकल्यावरही एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू थकू शकतात, म्हणून ‘आता बरा दिसतो’ म्हणून रुग्णाला घरी नेणे घातक.

आता विंचू. दोऱ्यांवर नाचणाऱ्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवा. हृदयालाही दोन दोऱ्या असतात, एक आवरणारी आणि एक पळवणारी. तांबड्या विंचवाचे विष दोन्ही ओढते. आरंभीचा घाम, लाळ, उलटी दिसते, पण मागोमाग अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. अशा वेळी अ‍ॅट्रोपिन आवरणारी दोरीच कापते आणि बाहुली उधळते. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६पासून काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. पूर्वी गंभीर दंशात शंभरातले तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण चारच्या खाली आले. २०११मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण लवकर सावरले. कोकणातल्या एका आरोग्य केंद्राने जगाच्या पाठ्यपुस्तकात भर घातली, याचा अभिमान आपण फार कमी बाळगतो.

यावर कुणी म्हणेल, रुग्ण तडफडत असताना एवढा विचार करायला वेळ कुठे? वेळ थोडा आहे हे खरे, पण पाहायचेही थोडेच आहे. डोळ्याची बाहुली बारीक आहे की मोठी, कपड्यांना औषधाचा वास आहे का, पाय गार आहेत का, दंशाच्या जागी कळ आहे का. मिनिटभराचे काम. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विंचवाच्या दंशातही एखाद्याची नाडी धोकादायकरीत्या मंदावते, मग? तेव्हा अ‍ॅट्रोपिन द्यावे लागेल, पण मंद नाडीसाठी. घाम आणि लाळ थांबवायला नव्हे. हा भेद पाळला की नियमाला अपवाद जड जात नाही.

तिसरे म्हणणे असे की फवारणीच्या प्रत्येक विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन द्यावेच. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण गेले, आणि शेतकरी दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळतात हे तेव्हा सर्वांना ठाऊक झाले. मिश्रणात पायरेथ्रॉइड असेल किंवा इमिडाक्लोप्रिड असेल, तर त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही. आंब्यावरही हीच नावे फिरतात. लेबलावरचा तांबडा त्रिकोण विष किती जहाल एवढेच सांगतो. ते कोणत्या जातीचे, हे रसायनाच्या नावावरून कळते. म्हणून रुग्णाला उचलताना त्याचे भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि वापरलेल्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या. रिकाम्या असल्या तरी सगळ्या न्या, आणि लेबल पुसले जाईल अशा रीतीने त्या धुऊ नका.