मजूर बाईच्या म्हातारपणाचं काय?

मार्च 2023 मध्ये आपल्या राज्यातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते, आठवतं ना? 1 नोव्हेंबर 2005 नंतर जे नोकरीला लागले त्यांची जुनी पेन्शन बंद झाली, ती परत द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं बरोबर की चूक, त्यात आज मी शिरत नाही. मला एवढंच वाटलं, की दर महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाला म्हातारपणाची एवढी धास्ती, तर जिला पगारच नाही तिनं काय करायचं?

आपण खुरपणीला जातो, कापूस वेचतो, ऊस तोडतो, वीटभट्टीवर राबतो. गुडघे साथ देतात तोवर मुकादम बोलावतो, नंतर बोलवत नाही. सातबाऱ्यावर बहुतेकींचं नाव नसतं. मग सुनेच्या हाताकडे बघत बसायचं. सून वाईट असते असं नाही, तिचंही घर रोजावरच चालतं.

आता सरकारनं काय ठेवलंय ते बघू. पहिली, 2015 ची अटल पेन्शन योजना. वय 18 ते 40, आयकर भरत नसावं, बँकेत खातं हवं. साठीनंतर महिना 1000 ते 5000 रुपये, जेवढं ठरवाल तेवढे. तिसाव्या वर्षी नाव घातलं तर 1000 च्या पेन्शनला महिना 116 रुपये कापले जातात, 5000 च्या पेन्शनला 577. चाळिसाव्या वर्षी गेलात तर तेच 291 आणि 1454 होतात. दर महिन्याला जमत नसेल तर सहा महिन्यांनीही भरता येतं, हे पुष्कळ जणींना कुणी सांगतच नाही. सोयाबीन निघालं की भरा. आपल्या पश्चात नवऱ्याला तीच पेन्शन, आणि दोघंही गेल्यावर साठलेली रक्कम वारसाला.

दुसरी, 2019 ची श्रमयोगी मानधन. वय तेच. महिन्याची कमाई 15,000 च्या आत हवी. साठीनंतर महिना 3000. तिशीतली बाई महिना 105 रुपये भरते आणि सरकार तेवढेच घालतं. इथे मात्र आपल्यामागे नवऱ्याला निम्मीच पेन्शन, आणि दोघांच्या पश्चात मुलांना काही नाही. सही करण्याआधी हा फरक समजून घ्या.

ऐकायला 3000 बरे वाटतात. पण दरवर्षी सहा टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनी त्या 3000 ची किंमत आजच्या सव्वापाचशेच्या आसपास राहील. तेलाचा डबा तेव्हा कितीला असेल ते तुम्हीच मनात धरा. महागाई वाढली की ही पेन्शनही वाढेल, अशी तरतूद दोन्हींत नाही.

आणि ज्यांनी चाळिशी ओलांडली त्यांना या दोन्ही योजनांचं दार बंद. आपल्या गटांत अशाच जास्त दिसतील. त्यांच्यासाठी उरते श्रावणबाळ योजना, ती 65 नंतर, महिना 1500 रुपये. म्हणजे एकेचाळिसाव्या वर्षी बाईला सांगायचं की तुला उशीर झाला, आणि साठाव्या वर्षी सांगायचं की अजून पाच वर्षं थांब. विधवा, परित्यक्ता बहिणींना मधल्या काळात संजय गांधी निराधार योजनेचा आधार मिळू शकतो. नवरा आहे पण खाटेवर आहे, तिनं काय करावं?

श्रावणबाळची अट बघा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं. दिवसाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या मजुरीनं 68 दिवस काम केलं की घर 21,000 च्या वर गेलं! सरकारच्याच कामावर दोन-सव्वादोन महिने राबलेलं कुटुंब सरकारच्याच कागदावर गरीब राहत नाही. मग दाखल्यावर काय आकडा लिहायचा? बाईला खोटं बोलायला लावणारी अट मला पटत नाही.

केंद्राचं सांगायचं तर, वृद्धापकाळाच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा 80 वर्षांपर्यंत महिना 200 रुपये आहे. हा आकडा 2006-07 पासून हललेला नाही. बाकीचे राज्य घालतं म्हणून 1500 होतात.

म्हणून माझं मत सांगते. भरणा करायच्या योजना असाव्यात, ज्यांना जमतं त्यांनी जरूर भरावं. पण त्याखाली एक पायरी सरकारनं स्वतः बांधावी: साठी झालेल्या, दुसरी पेन्शन नसलेल्या प्रत्येक राबणाऱ्या माणसाला, हप्ता न मागता, महागाईबरोबर वाढणारी पेन्शन. डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेतून हीच मागणी लावून धरली होती, किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन द्या म्हणून.

पैसा कुठून आणायचा, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे, खर्च मोठा आहे. पण आपल्याच राज्यात 1969 चा माथाडी कायदा आहे. हमाल ज्याचं ओझं उचलतो त्याच्याकडून मजुरीवर लेव्ही घेतात आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी उभा राहतो. आपण वेचलेल्या कापसावर, तोडलेल्या उसावरही कुणीतरी कमावतंच की. शेजारचा नेपाळ आपल्याहून गरीब, पण तिथे 1995 पासून सरकार म्हाताऱ्यांना भत्ता देतं. सुरुवात फक्त 100 रुपयांनी केली होती, आज 4000 नेपाळी रुपये आहेत, म्हणजे आपले अडीच हजार.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत तीन याद्या करा. चाळिशीच्या आतल्या कोण, चाळीस ते पासष्टमधल्या कोण, पासष्ट झालेल्या पण पैसे न मिळणाऱ्या कोण. पहिल्या यादीतल्या बँकेत किंवा सीएससी केंद्रावर जातील. तिसरीतल्यांचे अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत, सोबत वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार. पैसे सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. अंगठ्याचे ठसे उमटत नसतील तर एखादी लिहिती-वाचती पोरगी बरोबर न्या.

मधली यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, नावं आणि वयं सगळी. ठरावात लिहून घ्या की या बायकांना आज कुठलीच पेन्शन योजना लागू नाही, आणि ठरावाची प्रत मागून घ्या.